वाचकांचे प्रश्न: बेंगळुरूचं 14 लाखांचं पॅकेज घेऊ का?

प्रश्न: ताई, मी 27 वर्षांची, पुण्यात दुसऱ्या कंपन्यांची कामं करून देणाऱ्या एका सर्व्हिस कंपनीत यूएक्स डिझायनर आहे, म्हणजे अॅप-वेबसाइट लोकांना वापरायला सोप्या जाव्यात असं डिझाइन करते. सीटीसी, म्हणजे कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, साडेनऊ लाख, हातात 67 हजार येतात. कर्वेनगरला दोघी मैत्रिणींबरोबर राहते, माझ्या वाट्याचं भाडं 9 हजार, सांगलीला घरी 10 हजार पाठवते. आता बेंगळुरूच्या एका प्रॉडक्ट कंपनीची (स्वतःचंच अॅप बनवणारी) 14 लाखांची ऑफर आलीये, त्यात दीड लाख व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर मिळणारे, नक्की नसलेले. ऑफिस बेलंदूरला, आठवड्यातून तीन दिवस जायचं. एक वन बीएचके बघितला, भाडं 28 हजार, मेंटेनन्स 3 हजार, डिपॉझिट 6 महिन्यांचं. घरचे म्हणतात एवढी उडी सोडू नकोस. काय करू?

उत्तर: अगं, पहिलं म्हणजे 14 हा आकडा डोक्यातून काढ, हातात किती येणार ते बघू. दीड लाख व्हेरिएबल बाजूला ठेवलं की उरले साडेबारा, त्यातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी जाते कारण ते दोन्ही सीटीसीतच मोजलेलं असतं, मग तुझ्या वाट्याचा पीएफ कापला जातो, आणि बेसिक, म्हणजे ज्यावर पीएफ मोजतात तो मूळ पगार, साधारण निम्मा धरला तर महिन्याला 89-90 हजार पडतात. टॅक्सची काळजी फारशी नाही, नव्या रिजीममध्ये, म्हणजे नव्या करपद्धतीत, पगारदारांना पावणेतेरा लाखांपर्यंत काही भरावं लागत नाही, व्हेरिएबल पूर्ण आलं तरच थोडा लागेल. पण याच रिजीममध्ये भाड्यावर एचआरएची (घरभाडे भत्त्याची) सूट मिळत नाही, म्हणजे भाडं सगळं खिशातूनच.

आता बघ, हातात 22 हजार वाढले आणि भाडं मेंटेनन्ससकट 9 वरून 31 वर गेलं, म्हणजे तेही 22 हजारच. सगळी उडी घरमालकाच्या खात्यात. स्वयंपाकाच्या मावशी, कॅब, सांगलीच्या फेऱ्या हे अजून धरलेलंच नाही. शिवाय डिपॉझिट 1 लाख 68 हजार, पहिलं भाडं, ब्रोकरचं एक भाडं मिळून पहिला पगार पडायच्या आधी सव्वादोन लाख लागतात. हे पैसे घरच्यांकडून घेऊ नकोस गं, नोकरी पटली नाही तरी अडकून पडशील.

तरी मी नको जाऊ म्हणणार नाही. मी तिथे सहा वर्षं काढलीत. क्लायंटने पाठवलेल्या स्क्रीन सजवून देणं आणि एका प्रॉडक्टवर बसून, लोक कुठे अडकतायत ते स्वतः बघून तेच फ्लो, म्हणजे अॅपमधले एकामागून एक टप्पे, तीन-तीनदा बदलणं यात फार फरक आहे, आणि पुढचा पगार ठरतो तो याच कामावर. फक्त टीममध्ये रिसर्च कोण करतं, डिझायनरचं ऐकलं जातं का, हे हायरिंग मॅनेजरला थेट विचार. उत्तर गुळमुळीत आलं तर पुण्यातच राहा, मनापासून सांगते.

काम चांगलं असेल तर एचआरला सांग की 14 च्या 14 फिक्स्ड हवेत, तेवढ्यानेच महिन्याला नऊ-दहा हजार वाढतात. आकडा हलत नाही म्हणाले तर रिलोकेशनचे पैसे आणि पहिले दोन आठवडे कंपनीच्या गेस्ट हाऊसवर राहायची सोय माग. जॉइनिंग बोनस देत असतील तर वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यावा लागतो का ते वाचून घे. आपण डिझायनर लोक मागायला लाजतो, त्याच ग्रेडचे डेव्हलपर लाजत नाहीत, आणि पुढची प्रत्येक वाढ याच आकड्यावर मोजली जाते म्हणून मला याची फार चीड येते.

आणि तो वन बीएचके सोड. पहिलं वर्ष एचएसआर लेआउट किंवा बेलंदूरलाच कुणाबरोबर तरी फ्लॅट शेअर कर. व्हाईटफील्ड बरं वाटेल, मेट्रोही आहे, पण ती पर्पल लाईन बेलंदूरला जात नाही, तुला रिंग रोडवरूनच जावं लागेल आणि पावसाळ्यात त्या रस्त्यावर दोन-दोन तास जातात.

घर बघताना कावेरीचं पाणी आहे की बोअर आणि टँकर, हे आधी विचार. 2024 च्या उन्हाळ्यात बोअर आटले तेव्हा कित्येक सोसायट्यांमध्ये ठरलेल्या वेळेलाच पाणी सुटायचं, आणि टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये येतं. अॅग्रीमेंटमध्ये पेंटिंग चार्जेस किती लिहिलेत तेही बघ, तिथे घर सोडताना बऱ्याचदा एक महिन्याचं भाडं त्यात कापतात. माझं कापलं होतं, गणपतीच्या मखरासाठी मारलेल्या दोन खिळ्यांची भोकं दाखवून, आणि माझ्याकडे आधीचा एकही फोटो नव्हता. म्हणून चावी हातात आली की सामान लावायच्या आधी सगळ्या भिंतींचे फोटो काढ आणि त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअॅप कर.