ट्रान्झिशन पॅक घेऊ का? आधी कट शिका

तुम्ही विचारलंय की मोबाईलवर एडिटिंग शिकताय, तर ट्रान्झिशनचा पॅक, म्हणजे दोन शॉटच्या जोडावर टाकायचे तयार इफेक्ट, विकत घेऊ का, आणि साध्या कटमध्ये, म्हणजे एक शॉट तोडून थेट दुसरा लावण्यात, शिकण्यासारखं असतंय तरी काय. पॅक घेऊ नका. मी कोल्हापुरात लग्नं आणि कुस्तीची मैदानं एडिट करतो, मला जे काय येतंय ते कटनंच शिकवलंय.

एक मैदान सांगतो. जत्रेतलं, दोन कॅमेरे. एक कॅमेरावाला गर्दीतनं वाट काढत आखाड्याच्या पलीकडच्या अंगाला गेला आणि तिथनं शूट करत बसला. घरी येऊन जोडायला घेतलं तर लाल लंगोटवाला पैलवान एका शॉटमध्ये डावीकडं आणि पुढच्याच शॉटमध्ये उजवीकडं, कोण कुणाला रेटतोय तेच कळेना. एका पैलवानापासनं दुसऱ्यापर्यंत एक रेघ ओढलीय असं धरायचं आणि कॅमेरा रेघेच्या एकाच बाजूला ठेवायचा, ह्यालाच १८० डिग्रीचा नियम म्हणतात. मी शेवटी मध्ये हलगीवाल्याच्या हाताचा क्लोजअप टाकला, बघणाऱ्याची नजर क्षणभर तिकडं गेली आणि बाजू बदललेली खटकली नाही.

कट मारायचा हालचाल चालू असताना. पैलवान मांडीवर थाप मारायला हात उचलतो, तिथं लांबचा शॉट सोडायचा आणि थाप जवळच्या शॉटमध्ये पाडायची, डोळा हाताच्या मागं जातो, जोड दिसतच नाही. पण डाव लागल्यापासून पाठ टेकेपर्यंत मी कधीच कट मारत नाही. चितपट झाली का नाही यावर गावात वर्षभर वाद चालतो, आणि तिथंच कट दिसला की लोकांना वाटतं काहीतरी लपवलंय.

आवाजाकडं तर नवीन पोरं बघतच नाहीत. गावाची कमान दिसतेय, रस्ता मोकळा आहे, आणि तेवढ्यात हलगी ऐकू यायला लागते, दोन सेकंदांनी आखाडा दिसतो. हा जे-कट, आवाज आधी, चित्र मागनं. उलटं केलं की एल-कट. लग्नात पाठवणीच्या वेळी मी तोच वापरतो, आईचा हुंदका चालूच असतो आणि चित्र रिकाम्या मांडवावर गेलेलं असतं, वरनं गाणं टाकायची गरजच पडत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. १९२० च्या आसपास रशियात लेव्ह कुलेशोव्ह ह्या दिग्दर्शकानं एका नटाचा तोच निर्विकार चेहरा कधी सूपच्या ताटलीला, कधी शवपेटीला जोडून दाखवला आणि लोकांना त्या चेहऱ्यावर वेगवेगळे भाव दिसले. मीपण नकळत हेच केलं होतं. कुस्ती सुरू व्हायच्या आधी घेतलेला वस्तादांचा नुसता बसलेला शॉट त्यांचा पठ्ठ्या जिंकल्यावर लावला, आणि लोक म्हणाले, वस्तादांच्या डोळ्यांत पाणी आलं बघा. पाणीबिणी काही नव्हतं! त्या दिवसापासनं खऱ्या प्रसंगात एका वेळचा चेहरा दुसऱ्या वेळी लावत नाही. सिनेमात चालतंय, तिथं गोष्टच रचलेली असते, पण ही त्या माणसाची खरी आठवण आहे.

आपल्याच शहरात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी इथंच सुरू झाली. तेव्हा एडिटिंग म्हणजे फिल्म खरंच कापायची आणि चिकटवायची. ३५ एमएम रुंदीच्या फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे १६ सुटी चित्रं, बोलपटाच्या २४ फ्रेमच्या वेगानं एक सेकंद म्हणजे दीड फूट फिल्म हातात. अनडू नाही. म्हणून मी आजपण कट मारायच्या आधी क्लिप तीनदा बघतो.

तुम्ही असं करा, रंकाळ्यावर नाहीतर घराजवळच्या चहाच्या गाड्यावर जावा, मालकाला विचारून पाचच शॉट घ्या, आधण, गाळणं, ग्लासात ओतणं, गिऱ्हाईकाचा पहिला घोट, मालकाचा चेहरा. सगळे एकाच बाजूनं. स्टोव्हचा आवाज चित्राच्या आधी सुरू करा, एकही ट्रान्झिशन नको. मग घरी आईला दाखवा, काही न सांगता, आणि कुठं खटकलं तेवढंच विचारा. तिथला कट दोन-तीन फ्रेम मागंपुढं करून परत दाखवा.