बायोडाटात नुसतं ‘ख्रिश्चन’ लिहिलं तर काय बिघडतं?

“ताई, आपण ख्रिस्ती आहोत एवढं पुरत नाही का, ते डिनॉमिनेशन, पंथ वगैरे कशाला मध्ये आणायचं?” पुण्यातल्या ख्रिस्ती घरांतून हा प्रश्न मला सारखा येतो. बहुतेक वेळा लग्न ठरताना येतो, नाहीतर मुलं घरचं चर्च सोडून दुसरीकडे जायला लागली की येतो. विचारतात तरुण मुलं, पण झोप उडालेली असते आईवडिलांची. म्हणून एक केस सांगते, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मुलगा हिंजवडीला आयटीत, घर सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचं, वडील वारलेले. तो स्वतः हल्ली बाणेरला एका हॉलमध्ये भरणाऱ्या इंग्लिश फेलोशिपला, म्हणजे उपासनेला जमणाऱ्या छोट्या मंडळीला जातो, तिच्या बोर्डवर कुठल्याच मिशनचं नाव नाही आणि त्याला तेच आवडतं. लग्नाच्या बायोडाटात त्याने धर्म ‘ख्रिश्चन’ लिहिला आणि पुढचा रकाना कोरा सोडला. मुलगी सीएनआयची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, मूळ नगरकडची. भेटीगाठी झाल्या, पसंती झाली, आणि मुलीकडच्यांनी साखरपुड्यासाठी हॉल बुक केला तो शनिवारी दुपारचा, कारण रविवारी उपासना, पाळकसाहेब मोकळे नसतात. इकडे आई म्हणाली मी शनिवारी पाऊल ठेवणार नाही. मुलीच्या बाबांना कारण कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “तुम्ही हे आमच्यापासून लपवलंत.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ॲडव्हेंटिस्ट लोक शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस पाळतात, त्या वेळात नोकरीधंदा, खरेदी, समारंभ काही नाही. डुकराचं मांस, दारू, तंबाखू वर्ज्य, बरीच घरं पूर्ण शाकाहारी असतात. बाप्तिस्मा लहान बाळाला देत नाहीत, कळत्या वयात स्वतःहून मागितल्यावर पाण्यात बुडवून देतात. औंधचं स्पायसर विद्यापीठ त्यांचंच, पुण्यात कितीतरी जणांनी तिथला ब्राउन ब्रेड खाल्लाय पण ती मंडळी नेमकं काय मानतात हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

आई आणि मुलगा दोघंही माझ्याकडे आले, मी दोघांशी वेगवेगळं बोलले. आईचं म्हणणं, याने नाव टाकलं म्हणजे बापालाच टाकलं. वडील एका कारखान्यात होते, शनिवारची पाळी करणार नाही म्हणून त्यांचं प्रमोशन दोनदा हुकलं, तरी घरात कधी कुरकुर नाही, शुक्रवारी दिवस मावळायच्या आत आंघोळ करून सगळ्यांना घेऊन प्रार्थनेला बसायचे. तिच्यासाठी ते नाव म्हणजे नवऱ्याचं आयुष्य आहे, आणि ते बायोडाटात एका ओळीलाही महाग झालं याचं तिला दुःख होतं. मी तिला सांगितलं की हे दुःख खरं आहे, पण यातलं बरंचसं ते गेल्याचं दुःख आहे, ते मुलाच्या खात्यावर मांडू नका.

मुलाची बाजू वेगळी. शाळेत बाकीची ख्रिस्ती मुलंच विचारायची, तुम्ही येशूला मानता का रे, की तुमचं काही वेगळंच असतं? शनिवारी परीक्षा आली की बाबा चिठ्ठी घेऊन शाळेत यायचे आणि वर्गासमोर नाव निघायचं. पहिली दोन स्थळं तर ‘ॲडव्हेंटिस्ट’ वाचूनच मागे फिरली होती. “म्हणून या वेळी लिहिलंच नाही. आणि मी खोटं कुठे लिहिलं, ख्रिश्चन आहेच ना मी?”

आहेस. पण कोऱ्या रकान्याचा अर्थ समोरच्याने आपापल्या परीने लावला आणि शनिवारचा हॉल बुक केला, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. नावामुळे समोरच्याला कळतं की या घरात कोणता दिवस पाळतात, ताटात काय चालतं, मुलांचा बाप्तिस्मा कधी, लग्न कोण लावणार. ॲडव्हेंटिस्ट पाळक सहसा दुसऱ्या मंडळीतल्या जोडीदाराशी लग्न लावत नाहीत, आता हे साखरपुड्यानंतर मुलीकडच्यांना कळलं असतं तर? लपवलेलं नाव शेवटी बाहेर येतंच, आणि तेव्हा ते फसवणूक म्हणून येतं. बोर्डवर नाव नसलेल्या फेलोशिपबद्दलही माझं हेच मत आहे, नाव नको असेल तर नको, पण काय मानता आणि उत्तरदायी कुणाला, हे दारातच सांगा, माणसं विश्वासाने येतात तिथे.

त्याला वाटायचं की ही नावं म्हणजे जुन्या लोकांचा अहंकार. म्हणून त्याच्याच चर्चचा इतिहास थोडा काढला. 22 ऑक्टोबर 1844 ला ख्रिस्त परत येणार अशी वाट बघणाऱ्या अमेरिकेतल्या विश्वासणाऱ्यांची घोर निराशा झाली, त्यातल्या एका गटातून हे चर्च उभं राहिलं, आणि त्यांना सुरुवातीला नावच नको होतं. नाव घेतलं, संघटना केली की आपणही इतर चर्चेससारखे होऊ अशी भीती. पण छापखाना होता, त्याची मालमत्ता कुणाच्या नावावर करायची हा प्रश्न आला, आणि 1860 मध्ये बॅटल क्रीकला बसून त्यांनी नाव ठरवलं. चर्च ऑफ गॉड हे नावही चर्चेत होतं, त्यात कुणाला काही खटकलं नसतं, पण आपण काय मानतो हे उघड सांगणारं नाव त्यांनी घेतलं, सातवा दिवस आणि प्रभूचं येणं दोन्ही त्यात आहे. 1863 ला रीतसर संघटना झाली. मुलगा बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला हे मला कुणी असं सांगितलंच नव्हतं, मला फक्त काय करायचं नाही ते सांगितलं.

उलट उदाहरण मुलीच्या घरातच होतं. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला सहा चर्चेस एकत्र येऊन सीएनआय झालं, अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स, ब्रिटिश परंपरेतले मेथडिस्ट आणि काँग्रिगेशनल-प्रेस्बिटेरियन मिळून झालेलं यूसीएनआय, म्हणजे युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया. अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट मात्र शेवटच्या टप्प्यावर बाजूला झाले. सहाही जणांनी आपापलं नाव सोडलं, पण आधी वर्षानुवर्षं बसून कुणाचं काय टिकणार हे कागदावर आणलं, बाळाचा बाप्तिस्मा आणि कळत्या वयातला बाप्तिस्मा, दोन्ही चालतील हेसुद्धा. म्हणजे नाव सोडता येतं, त्यात पाप नाही. आणि तरी मुलीची आजी अजून सीएनआयच्या आधीचं जुनं नाव सांगते, आम्ही अमेरिकन मराठी मिशनचे!

मग मी मुलाला कामाला लावलं. ॲडव्हेंटिस्ट या नावात जे जे येतं ते सगळं लिहून काढ आणि प्रत्येकापुढे लिही की हे मी धरतो, हे सोडलं, हे अजून कळत नाही. घाई नको म्हटलं, पंधरा दिवस लागले त्याला. शब्बाथ कडक पाळत नाही पण शुक्रवारची संध्याकाळ सोडवत नाही, असं निघालं. खाण्यापिण्याचं जवळपास सगळं तो पाळतोच. बाप्तिस्मा त्याने चौदाव्या वर्षी स्वतः मागितला होता, तो त्याला पुसायचा नाहीये. आईने ती यादी वाचली आणि रडली, तिला वाटत होतं याने सगळंच टाकलंय.

ती यादी घेऊन तो एकटा मुलीच्या घरी गेला, मीच सांगितलं होतं की आईला पुढे करू नकोस. बाबांनी बरंच खडसावलं, मग चहा विचारला, तो म्हणाला आमच्याकडे चहा नसतो पण घेतो. साखरपुडा रविवारी संध्याकाळी झाला, उपासनेनंतर पाळकसाहेबांनाही जमलं. लग्न मुलीच्या चर्चमध्ये होईल हे आईने मान्य केलंय, मनापासून नाही, पण केलंय. मुलगा फेलोशिप सोडणार नाही, तेही तिने ऐकून घेतलं.

मुलांच्या बाप्तिस्म्याचं मात्र अजून ठरलेलं नाही. मुलीला वाटतं बाळाचा व्हावा, त्याला वाटतं मूल मोठं होऊन स्वतः मागू दे. सीएनआयमध्ये दोन्ही मार्ग आहेत म्हणून निदान चर्चशी भांडायची वेळ नाही, एकमेकांशीच बोलायचंय, आणि ते लग्नाआधी बोला असं मी दोघांना सांगितलंय. पुढच्या महिन्यात दोघं येतायत.