‘प्रवास’ शब्दाचा मूळ अर्थ काय? हिंदीत ‘प्रवासी’ म्हणजे परदेशी स्थायिक झालेला माणूस, असं का?

‘प्रवास’चा मूळ अर्थ जाणं नव्हे, तर घरापासून दूर राहणं, हिंदीने तो जपला, मराठीत तो सरकला. संस्कृतात ‘वस्’ म्हणजे राहणे. निवास, वस्ती, इतकंच काय उपवासही त्याच धातूचे. त्याला ‘प्र’ लागला की घर सोडून परमुलखात राहणं असा अर्थ होतो. काव्यशास्त्रातली ‘प्रोषितभर्तृका’ म्हणजे जिचा नवरा परगावी आहे ती नायिका. त्यातला ‘प्रोषित’ हे ‘प्र + वस्’चंच रूप. मला हा पुरावा सगळ्यांत बोलका वाटतो, कारण तिथे वाटचालीचा नव्हे, दूर असण्याचा विरह आहे. मराठीत मात्र भर मुक्कामावरून वाटेवर आला, म्हणून बसमधला प्रत्येक जण प्रवासी. हिंदीत त्याला ‘यात्री’ म्हणतात आणि 2003पासूनचा ‘प्रवासी भारतीय दिवस’ परदेशस्थ भारतीयांचा असतो. पण याला फक्त मराठीचं वेगळेपण समजू नका, गुजरातीतही ‘प्रवास’ म्हणजे सफरच.