वाचकांचे प्रश्न: आधी पाखरं, मग होडी

प्रश्न : डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही मालवणला चाललोय. सोबत सासूबाई आणि ५ व ९ वर्षांची दोन मुलं. सासूबाईंना समुद्रातल्या बोटीची भीती वाटते, लाटा बघूनच नको म्हणतात, पण मुलांना बोटीत बसायचंच आहे आणि थोरल्याला पक्ष्यांचं भयंकर वेड आहे. जवळपास असं एखादं तळं आहे का जिथे दोन्ही होईल? सासूबाईंचे गुडघे दुखतात तेही सांगून ठेवते.
- एक वाचक, पनवेल

उत्तर : ताई, धामापूरला जा, दुसरा विचारच नको. मालवणहून कुडाळकडे येताना चौक्याच्या पुढे हे गाव लागतं, ट्रेनने कुडाळला उतरलात तर नेरूरपारला कर्ली नदी ओलांडून काळशावरून यायचं. डोंगरांच्या मधे बांध घालून हे तळं १५३० साली बांधलं, विजयनगरच्या राजवटीतले मांडलिक नागेश देसाई यांनी, आणि २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. काठावर भगवतीचं देऊळ आहे, चहूबाजूंनी गर्द झाडी, आणि लाटा नाहीत, त्यामुळे सासूबाई निवांत बसतील. बोटिंग त्या दिवशी चालू आहे का हे मात्र आदल्या दिवशीच गावात विचारून ठेवा म्हणजे मुलांचा हिरमोड होणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बहुतेक लोक दहा-अकराला आरामात पोचतात, गाडीतून उतरल्या उतरल्या होडीत बसतात, मुलं आरडाओरडा करतात आणि मग म्हणतात इथे पक्षीच नाहीत! पक्षी असतात हो, पण ते सकाळी असतात आणि शांततेत असतात. सूर्य उगवायच्या सुमारास काठावर पोचा, पहिला दीड-दोन तास फक्त देवळाच्या आसपास बसून बघा आणि होडी नंतर. हे एवढं पाळलंत तरी दिवस वेगळाच जाईल.

काय बघाल? थोरल्याला सांगा, पाण्यापेक्षा आधी झाडांच्या शेंड्यांकडे बघ. सिंधुदुर्गात मलबारी कवड्या धनेश चांगला दिसतो, कोकणात ककणेर म्हणतात तो. आधी त्याचं कर्कश्श ओरडणं ऐकू येतं, मग काळा-पांढरा मोठा पक्षी, पिवळी चोच आणि चोचीवर काळा डाग असलेलं टोपासारखं शिंग. वड, उंबराची फळं तर तो खातोच पण काजऱ्याची, म्हणजे कुचल्याच्या झाडाचीही खातो. काजऱ्याची गोल नारिंगी फळं हिवाळ्यात झाडाखाली पडलेली असतात आणि लहान मुलांना ती हमखास उचलावीशी वाटतात, कारण दिसतात अगदी छोट्या संत्र्यासारखी. त्यांच्या बिया जहाल विषारी असतात, धाकट्याकडे डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा. ककणेराची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते आणि नर आठवडेच्या आठवडे बाहेरून फळं आणून भरवत राहतो. म्हणून जुनी ढोलीची झाडं तुटली की या पक्ष्याचं घरच जातं, आणि हे मला फार लागतं कारण आपल्याकडे आता अशी झाडं राखणारी माणसं कमी होत चाललीयेत.

पाण्यावर पाणकावळा, बगळे, खंड्या हे सहज दिसतील. पाणकावळा ओंडक्यावर पंख पसरून बसलेला असतो ना, तेव्हा तो पंख वाळवत असतो. बदकासारखे त्याचे पंख पाणी झटकून टाकत नाहीत, भिजतात, त्यामुळेच त्याला खोल बुडी मारायला सोपं जातं.

होडीचं बघा. पायडलवाली नको, सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपणार नाही, वल्ह्याची मिळाली तर तीच घ्या. चढताना पाय होडीच्या कडेवर नाही, मधोमध ठेवायचा, आणि लगेच खाली बसायचं. लाइफ जॅकेट सगळ्यांना, मुलांना त्यांच्याच मापाचं. पट्टे आवळल्यावर जॅकेट खांद्यांना धरून वर ओढून बघा, कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, बदलून मागा. नसेल त्यांच्याकडे तर मुलांना काठावरच ठेवा, कितीही रडली तरी. पोहायलाही कुणी उतरू नका.

आणि वेफर्सचं एक पाकीटसुद्धा पाण्यात जाऊ देऊ नका, मालवण शहराला पिण्याचं पाणी याच तळ्यातून जातं. घावणे-चटणी डब्यात न्या, लांब सावलीत बसून खा. जेवणानंतर सासूबाईंना तिथली जुनी गोष्ट मुलांना सांगू दे, गावात कुणाचं लग्न असलं की फुलांची परडी तळ्यात सोडायची आणि देवीकडून दागिने वर यायचे, कार्य झालं की परत करायचे, मग म्हणे कुणीतरी परत केले नाहीत आणि ते बंद झालं.

प्रश्न : माझ्या मुलीला खरी मगर बघायची आहे, प्राणिसंग्रहालयातली नको. कोकणात जमेल का?
- एक वाचक, ठाणे

उत्तर : जमेल, पण त्यासाठी तळं नाही, चिपळूणची वाशिष्ठी नदी. हिवाळ्यात सकाळी, ओहोटीची वेळ बघून जा, कारण पाणी उतरलं की चिखलाचे काठ उघडे पडतात आणि मगरी उन्हात अंग शेकायला वर येतात. आ वासून पडलेली दिसली तर ती चिडलेली नाहीये, तोंडावाटे अंगातली जास्तीची उष्णता बाहेर टाकतेय. होडीवाल्याला जवळ न्यायचा आग्रह करू नका, मासे-कोंबडी फेकून तर अजिबातच नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिला संरक्षण आहे आणि माणसाकडून खाणं मिळायची सवय लागली की उद्या नदीवर कपडे धुणाऱ्या बायकांना धोका, हे आधी मुलीला समजावून सांगा, मुलांना कळतं.

प्रश्न : होडीतून बघायला दुर्बीण कुठली घेऊ?
- एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ८ बाय ४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढची भिंगं ४२ मिलिमीटरची. दहापटवाली होडीत हलते, चित्र थरथरतं आणि मुलं कंटाळतात. गळ्यातला पट्टा आखूड करून घ्या.