वडिलांना पार्किन्सन्स निघालाय. हा आजार असलेला माणूस रोजचा दिवस कसा काढतो?

तुम्ही लिहिलंय की वडील बासष्ट वर्षांचे आहेत, नुकतंच निदान झालंय, ते कुणाला सांगू देत नाहीत, आणि पुढे काय असतं ते तुम्हाला ज्याला हा आजार आहे त्याच्याकडूनच ऐकायचंय. मी डॉक्टर नाही. पाटबंधारे खात्यात आरेखक होतो, २०१५ साली निवृत्त झालो आणि २०१६ साली हा पाहुणा आला. आता त्याला पाहुणा म्हणण्यात अर्थ नाही, जुना भाडेकरू झालाय.

खुणा आधीपासून होत्या. नकाशाच्या कोपऱ्यातलं लेटरिंग ही माझी खात्यातली ओळख. नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत ओळ सुरू व्हायची पाच मिलिमीटरच्या अक्षरांनी आणि संपायची मुंग्यांच्या रांगेत. साहेब म्हणाले, चष्मा बदला. बदलला. उजवा खांदा आखडला होता, त्याला आठ महिने शेक घेतला. डाळ करपून घरभर धूर झाला तरी मला वास येत नव्हता, आणि एका रात्री स्वप्नात कुणाशी तरी मारामारी करताना मी हिला पलंगावरून खाली ढकललं. हे सगळं एकाच आजाराचं आहे हे मिरजेच्या न्यूरॉलॉजिस्टनी दहा मिनिटांत सांगितलं. मला चालायला लावलं, बोटांची चिमूट भराभर उघडमीट करायला लावली, मनगट फिरवून पाहिलं. एमआरआय नॉर्मल आला. या आजारात तो बहुतेकदा तसाच येतो, दुसरं काही नाही ना हे बघण्यासाठी काढतात. हात थरथरणं मला तेव्हा नव्हतंच. काहींना ते कधीच येत नाही.

आता मुख्य गोष्ट, जी आमच्या घरात कळायला फार उशीर झाला. मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचालीला लागणारं रसायन, बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात, आणि लेव्होडोपाची गोळी मेंदूत जाऊन ती तूट भरून काढते. पहिली काही वर्षं गोळी दिवसभर पुरल्यासारखी वाटते. तुमच्या वडिलांचंही सध्या तसंच असेल. नंतर ती चढते आणि उतरते. मला चढायला पाऊण तास लागतो आणि तीन तासांनी उतरायला लागते. म्हणजे सकाळी साडेसहाला कुशीवर वळता येत नाही तो माणूस आणि साडेआठला गच्चीवर कपडे वाळत घालणारा माणूस, दोन्ही मीच. ही म्हणायची, "अहो, मघाशी तर जिना चढलात, आता न्हाणीघरापर्यंत येववत नाही होय?" तिची चूक नव्हती. बघणाऱ्याला ते सोंगच वाटतं. मलाही कधीकधी स्वतःचा संशय यायचा.

शेवटी सवयीचं हत्यार काढलं. ग्राफ पेपर. आडव्या अक्षावर सकाळी सहा ते रात्री दहा, उभ्या अक्षावर शून्य ते दहा. शून्य म्हणजे अंथरुणात लाकूड, दहा म्हणजे शर्टाची सगळी बटणं माझी मी लावली. गोळी घेतली की लाल टिंब, खाल्लं की निळं. दर अर्ध्या तासाला एक खूण. पंधरा दिवसांचे कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले, तसं ट्रेसिंग करायची सवयच होती, आणि चोर सापडला. सकाळचं लाल टिंब आणि निळं टिंब एकाच जागी होतं, आणि त्याच्या पुढे रेघ वर चढतच नव्हती. मी गोळी दुधाबरोबर घेत होतो! आईनं लहानपणी लावलेली सवय, औषध दुधाबरोबर घेतलं की पोटात जळजळत नाही. पण दूध, डाळ, पनीर, अंडी यांतली प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यातून एकाच दारानं आत जातात. दारात गर्दी झाली की गोळी बाहेर ताटकळते. आता गोळी पाण्याबरोबर, खाण्याआधी निदान अर्धा तास. डाळ-उसळीचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात. प्रथिनं बंद करायची नाहीत हं, अंग झडतं. डॉक्टरांनी तो कागद नीट पाहिला आणि तेवढाच डोस तिनाऐवजी पाच वेळांत वाटून दिला: सात, साडेदहा, दोन, साडेपाच, नऊ. त्यानंतर घरातली निम्मी भांडणं संपली.

शेजारच्या काकांनी खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण आणून दिलं होतं, "हे आयुर्वेदिक, याला साइड इफेक्ट नाही" म्हणून. त्या बियांत लेव्होडोपाच असतो. गोळ्या चालू ठेवून वर ते घेतलं तर आठवड्यात मान आणि खांदे आपोआप नाचायला लागले. औषध जास्त झालं की असं होतं. काही घ्यायचं तर डॉक्टरांना सांगून घ्या, एवढंच.

पाय चिकटण्याचं सांगतो, कारण घरच्यांना सगळ्यात जास्त भीती त्याची असते. उंबऱ्यापाशी पाय फेविकॉलनं चिकटवल्यासारखे होतात आणि वरचं अंग पुढे जातं. अशा वेळी कुणी हात धरून ओढलं की मी पडलोच. गंमत म्हणजे जिन्यावर असं होत नाही, कारण पायरीची कड डोळ्यांना दिसते. सपाट व्हरांड्यात होतं. म्हणून पलंगापासून न्हाणीघरापर्यंत फरशीवर पिवळ्या टेपच्या आडव्या पट्ट्या लावल्यात, मोजून चाळीस सेंटिमीटरवर एक. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाय उचलतो. बाहेर पट्ट्या नसतात. तिथे मनात पावली धरतो. तरुणपणी दोनदा वारीला गेलो होतो, त्या ग्यानबा-तुकारामाच्या ठेक्यावर बाजारपेठ ओलांडतो. आणि मी अडकलो की बरोबरच्यानं गप्प उभं राहायचं. "चला, चला" म्हटलं की आणखी चिकटतो.

बारीकसारीक बरंच आहे. हिनं माझ्या पलंगावर कमरेखाली जुनी सिल्कची साडी अंथरलीय, त्यामुळे रात्री कूस बदलताना अंग घसरतं. शर्टांना बटणांच्या मागे टिचबटणं लावलीत. चहा अर्धाच पेला. आवाज बसत चाललाय म्हणून रोज पेपरचा अग्रलेख ओरडून वाचतो, तेव्हा घरातले टीव्ही बंद करतात. बद्धकोष्ठ हा अर्धा आजार आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही. इसबगोल आणि पाणी. चेहरा हलत नाही, त्यामुळे नात विचारते, "आजोबा, रागावलात?" तिला सांगून ठेवलंय की डोळे बघायचे.

एक लाजेची गोष्टही सांगतो. मला मध्यंतरी प्रॅमिपेक्सोल नावाची दुसरी गोळी होती. उपयोग झाला, पण तिच्या काळात मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर रमी खेळायला लागलो. आयुष्यात पत्त्यांना हात न लावलेला माणूस. चाळीस हजार गेले तेव्हा हिनं पासबुक उघडलं. हा त्या गटातल्या औषधांचा माहीत असलेला परिणाम आहे: जुगार, खरेदी, खाणं, काहीही हाताबाहेर जातं. डॉक्टरांना सांगायला मला तीन महिने लागले, गोळी कमी केल्यावर ओढ गेली. वडिलांना अशी गोळी असेल तर नजर ठेवा, पण पोलिसासारखी नको.

दुसऱ्या कारणानं हॉस्पिटलात जावं लागलं तर मात्र पोलीसच व्हा. मला डेंग्यू झाला तेव्हा वॉर्डात गोळ्या काढून घेतल्या आणि "राउंडला देऊ" म्हणाले. राउंड कुणाचा, आजार कुणाचा! वर उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन दिलं, जे डोपामिनलाच अडवतं. संध्याकाळी मला थुंकीही गिळता येईना. जावयानं मिरजेला फोन लावून सगळं उलटं फिरवलं. तेव्हापासून पाकिटात आधार कार्डामागे माझ्या अक्षरात नव्हे, नातीच्या अक्षरात एक चिठ्ठी आहे: गोळ्यांच्या पाच वेळा, "अचानक बंद करू नये", आणि चालत नाहीत ती औषधं.

लपवण्याबद्दल. मीही दीड वर्ष लपवलं. एका लग्नात पंगतीत माझ्या हातून मठ्ठ्याचा पेला सांडला आणि मागून कुणीतरी म्हणालं, "भरदुपारी घेऊन आलाय वाटतं." दारुडा म्हणवून घेण्यापेक्षा आजारी बरा, असं म्हणून मी तिथेच मोठ्यानं सांगून टाकलं. वाढप्यानं दुसरा पेला दिला, अर्धा भरून. पण हे मला कुणी सांगून झालं नसतं, म्हणून वडिलांच्या मागे लागू नका. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे हाच आजार असलेली माणसं भेटतात. निदान त्यांच्यासमोर लपवायला काही उरत नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या एकवीस प्रकारांत पार्किन्सन्स आहे, तो दाखला पुढे लागला तर काढा. मेंदूत तारा बसवण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार आत्ता नको. ती गोळ्यांची चढउतार आवरेनाशी झाली की, आणि निवडक लोकांना.

ग्राफसाठी शाळेच्या दुकानातली मिलिमीटर चौकोनांची वही चालते. सध्या रोज नको. डॉक्टरांकडे जायच्या आधी चार दिवस भरा, आणि खुणा वडिलांना स्वतःच्या हातानं करू द्या. अक्षर बारीक आलं तरी टिंब काढता येतं.