'डंजन्स अँड ड्रॅगन्स' सगळ्यांना आवडला म्हणतात, मग तो चालला का नाही?

तुम्ही विचारलंय की २०२३ सालचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स: ऑनर अमंग थीव्ह्ज' हा चित्रपट ज्या खेळावर बेतलाय तो खेळ खेळणाऱ्यांनाही आवडला आणि खेळाचं नाव न ऐकलेल्यांनाही, असं जे सगळीकडे म्हणतात ते खरं का? आणि खरं असेल तर तो पडला कसा?

पहिल्याचं उत्तर बऱ्यापैकी 'हो' आहे. दुसऱ्याचं कारण माझ्या मते चित्रपटात नाही, त्याच्या नावात आहे. पण मी तटस्थ नाही हे आधीच सांगतो. गेली सात-आठ वर्षं आम्ही पाच जण शनिवारी रात्री ठाण्यात एका मित्राच्या घरी हा खेळ खेळतो, आणि त्यातली तीन वर्षं डंजन मास्टर मीच आहे. त्यामुळे माझं तराजू कुठे झुकेल ते उघड आहे.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ही मोठ्यांची भातुकली समजा. एक जण गोष्ट सांगतो, तो डंजन मास्टर. बाकीचे एकेक पात्र घेतात, कुणी चोर, कुणी जादूगार, कुणी लढवय्या. "मी भिंतीवरून उडी मारतो" असं कुणीही म्हणू शकतो, पण उडी जमली की पाय मोडला हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत हा खेळ छापला. ना पट, ना कुणाची हार-जीत. एक डाव दोन-दोन वर्षं चालतो.

आता प्रेक्षकांचं मत. अमेरिकेत सिनेमास्कोअर नावाची कंपनी पहिल्याच रात्री थिएटरमध्ये प्रेक्षकांच्या हातात कार्डं देऊन श्रेणी मागते. तिथे या चित्रपटाला 'ए मायनस' मिळाली. रॉटन टोमॅटोज या परीक्षणं गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर समीक्षक आणि प्रेक्षक, दोघांचेही आकडे नव्वदीच्या वर आहेत. दोन्ही बाजू इतक्या जुळणं या जातीच्या चित्रपटांत फार क्वचित होतं. २०१६ चा 'वॉरक्राफ्ट' आठवा. तोही खेळावरूनच आला होता, फक्त संगणकावरच्या. समीक्षकांनी त्याला तिशीही गाठू दिली नाही, चाहत्यांनी मात्र उचलून धरला. जगभरात त्याने जवळपास ४४ कोटी डॉलर कमावले, त्यातले निम्मे एकट्या चीनमधून, कारण तिथे तो खेळ खेळणारे प्रचंड. खुद्द अमेरिकेत पाच कोटीसुद्धा झाले नाहीत. खेळणाऱ्यांना डोळा मारायचा आणि बाकीच्यांना दाराबाहेर उभं करायचं, असा तो प्रकार होता.

'ऑनर अमंग थीव्ह्ज'मध्ये नेमकं काय वेगळं झालं ते मला थिएटरात शेजारी बसलेल्या मावशीमुळे कळलं.

मावशी आमच्या बेतात नव्हतीच. पाच तिकिटं पाच भिडूंची होती. पण त्याच वर्षी जानेवारीत एक भानगड झाली होती. या खेळाच्या मूळ नियमांवर कुणीही स्वतःच्या गोष्टी, साहसं, पुस्तकं छापून विकू शकेल असा खुला परवाना २००० सालापासून होता. तो बदलण्याचा मसुदा बाहेर फुटला. मोठ्या प्रकाशकांच्या विक्रीतून खेळाच्या मालक कंपनीला हिस्सा द्यायचा, अशी तरतूद त्यात होती. खेळणारे भडकले, लोकांनी कंपनीच्या ऑनलाइन सेवेच्या वर्गण्या धडाधड रद्द केल्या, चित्रपटावर बहिष्कार घाला अशा हाका सुरू झाल्या. महिनाअखेरीस कंपनीने माघार घेतली आणि मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले करून टाकले. पण आमचा एक भिडू काही विरघळला नाही. "माझा एक रुपयाही जाणार नाही," म्हणाला. त्याचं तिकीट आधीच काढलेलं असल्यामुळे रुपया गेलाच होता, हे त्याला सांगून उपयोग नव्हता. रिकाम्या खुर्चीवर मावशी आली. येताना तिचा प्रश्न होता, "ते ड्रॅगनवालं म्हणजे लहान मुलांचं ना रे?"

हा प्रश्न लक्षात ठेवा, पुढे लागेल.

खेळणाऱ्यांची भांडणं तर चित्रपट यायच्या आधीपासूनच चालू होती. २०२२ च्या जुलैत ट्रेलर आला आणि त्यात डोरिक नावाची ड्रुइड, म्हणजे प्राण्यांची रूपं घेऊ शकणारी जादूगारीण, आउलबेअर होते असं दिसलं. आउलबेअर म्हणजे धड अस्वलाचं आणि डोकं घुबडाचं. नियमाप्रमाणे ड्रुइडला फक्त साध्या प्राण्याचं रूप घेता येतं, आणि आउलबेअर साधा प्राणी नाही, तो राक्षसी जीवांच्या खात्यात मोडतो. झालं! आठवडाभर शास्त्रार्थ. चित्रपटात तर ती एकाच पाठलागात माशी, उंदीर, मांजर, हरीण असं काय काय होत जाते. नियमानुसार दोनदा रूप बदललं की दम खावा लागतो. क्रिस पाइनचा एडगिन हा बार्ड, म्हणजे गाणारा-बजावणारा जादूगार, पण अख्ख्या चित्रपटात पठ्ठ्या एकही मंत्र टाकत नाही. नुसती वीणा वाजवतो आणि बेत आखतो.

या तक्रारी खोट्या नाहीत. पण नियम मोडूनही खेळ मोडला नाही, आणि बहुतेक खेळणाऱ्यांनी तेच पाहिलं. उदाहरण पुलाचं घेतो, कारण माझ्या मते अख्खा चित्रपट त्या दोन मिनिटांत आहे. एडगिन आणि त्याची चोरांची टोळी जमिनीखालच्या एका पडक्या नगरात एका दगडी पुलापाशी येतात. झेंक नावाचा धीरगंभीर पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, त्यांना पूल कसा ओलांडायचा ते समजावू लागतो. कुठल्या दगडावर पाय ठेवायचा, कुठला गाळायचा, भलामोठा हिशोब. तो बोलतोय तोवर जादूगार सायमनचा पाय पहिल्या दगडावर पडतो, आणि सगळा पूल खाली. कोडं संपलं. मग सायमनच्या ध्यानात येतं की टोळीतली लढवय्यी होल्गा इतका वेळ जी काठी टेकत चाललीय ती साधी काठी नाही, दोन ठिकाणांमध्ये दार उघडणारी जादूची काठी आहे.

थिएटरात आम्ही चौघं असे हसलो की पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी वळून पाहिलं. कारण हा प्रसंग प्रत्येक डंजन मास्टरवर गुदरलेला असतो. मी एकदा तीन संध्याकाळी खर्चून एका मंदिराचं कोडं रचलं होतं. भिडूंनी पहिल्या मिनिटाला मूर्तीच ढकलून दिली. आता गोष्ट पुढे न्यायची कशी? मग तुम्ही घाम पुसत म्हणता, "बरं, मागच्या महिन्यात तुम्हाला ती अंगठी मिळाली होती ना, ती जरा नीट बघा..." दिग्दर्शकांनी हा घाम ओळखला आहे. जोनाथन गोल्डस्टीन आणि जॉन फ्रान्सिस डेली या जोडीतला डेली पूर्वी बालकलाकार होता, आणि 'फ्रीक्स अँड गीक्स' या मालिकेच्या शेवटच्या भागात तो मित्रांबरोबर टेबलाशी बसून हाच खेळ खेळतो. योगायोग म्हणा हवं तर.

झेंकचंही तसंच. त्याला सगळं येतं, तो कधी चुकत नाही, विनोद त्याला कळत नाही. निरोप घेऊन निघतो तेव्हा वाटेत मोठा खडक आला तर वळसासुद्धा घालत नाही, सरळ त्यावरून चढून पलीकडे उतरून जातो. आमच्यात अशा पात्राला 'मास्टरचा लाडका' म्हणतात. डंजन मास्टरनेच आणलेलं, भिडूंना झाकोळणारं पात्र. मी असले दोन आणले आणि दोन्ही वेळा शिव्या खाल्ल्या.

मावशीला यातलं काही माहीत नव्हतं. पण पुलावर ती हसली, कारण सायमनसारखा भाचा तिला आहे. आणि कब्रस्तानाच्या प्रसंगाला तर ती आमच्याही आधी हसली. तिथे एक जुनं शिरस्त्राण कुठे आहे ते कळायला मंडळी जुने मुडदे उकरतात. मंत्राने मुडदा जागा होतो, पण पाचच प्रश्नांची उत्तरं देतो, मग कायमचा गप्प. आणि ही शहाणी माणसं "हाही प्रश्न धरला का?" असलं काहीबाही विचारत प्रश्न वाया घालवत बसतात. मावशी कानात म्हणाली, "अरे, हा तर उलटा वेताळ!" विक्रमाचा वेताळ प्रश्न विचारतो आणि उत्तर मिळालं की झाडावर पळतो. हा उत्तरं देतो आणि ढिम्म पडून राहतो. मंत्राचं नाव, त्याची पातळी, तो नियमांच्या पुस्तकात कुठे आहे, यातलं काहीच तिला लागलं नाही.

म्हणून मला वाटतं की "खेळ माहीत असलेले विरुद्ध नसलेले" अशी फाळणी इथे लागूच पडत नाही. नाराज झालेल्यांची तऱ्हा निराळी होती. एक म्हणजे ज्यांना भारदस्त, गंभीर, महायुद्धाचं वजन असलेलं काल्पनिक जग हवं होतं ते. त्यांना दर दोन मिनिटांनी येणारा टोमणा सुपरहिरोपटांची नक्कल वाटला. हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. मधल्या भागात एक-दोन ठिकाणी खरोखर गप्प बसायला हवं होतं. दुसरी तक्रार खलनायिकेची. ह्यू ग्रँटचा गोडबोल्या फोर्ज झकास आहे, पण त्याच्यामागे उभी असलेली ती टकली चेटकीण? मावशीने मध्यंतरात विचारलं, "त्या बाईचं नक्की दुखणं काय आहे?" मी दहा मिनिटं थे नावाच्या देशाचा इतिहास सांगितला. तिने पॉपकॉर्न संपवले. चित्रपटाने हे मला सांगायला लावलं, हाच त्याचा दोष. तिसरी तक्रार सुरुवातीची, नावांचा नुसता पाऊस पडतो.

आता पैशांचं. खर्च सुमारे १५ कोटी डॉलर, जगभरची कमाई २० कोटींच्या थोडी वर. आकडा खर्चापेक्षा मोठा दिसतो, पण तिकिटाच्या पैशातला जवळजवळ अर्धा वाटा थिएटरवाले ठेवतात आणि जाहिरातीचा खर्च या १५ कोटींत धरलेलाच नसतो. म्हणजे तोटाच. लोक मुहूर्ताला दोष देतात, आणि मुहूर्त खराब होताच. ३१ मार्चला हा आला. आठवडाभर आधी 'जॉन विक'चा चौथा भाग, पाच दिवसांनी 'सुपर मारिओ'. मारिओने पहिल्या पाच दिवसांत एकट्या अमेरिकेत २० कोटी डॉलर ओढले. यांची सगळ्या जगातली, शेवटच्या दिवसापर्यंतची कमाई साधारण तेवढीच. आपल्याकडे त्याच आठवड्यात 'भोला' आणि 'दसरा' होते. आम्हाला सोयीचा शो शोधायला ठाण्याहून मुलुंडला जावं लागलं.

पण मुहूर्ताने सगळा हिशोब लागत नाही. चित्रपट आवडलेल्या माणसाने चार जणांना सांगितलं की पुढच्या आठवड्यात गर्दी वाढायला हवी. इथे सांगणारे होते, ऐकणारे नावापाशीच अडत होते. मावशीचा तो प्रश्न आठवतोय? नाव ऐकून बाहेरच्या माणसाला वाटतं हे पोरांचं, किंवा त्या चष्मेवाल्या मंडळींचं, आपल्याला काय कळणार. अमेरिकेत तर ऐंशीच्या दशकात या खेळाला सैतानी म्हणून बदनाम केलं होतं. आणि आतल्या माणसाला नाव ऐकून आठवतो २००० सालचा चित्रपट. त्यात जेरेमी आयर्न्ससारखा ऑस्कर मिळवलेला नट दोन्ही हात आकाशाकडे फेकून गर्जना करत होता, संगणकी ड्रॅगन एकमेकांत गुंतत होते, आणि त्याच्या खर्चाचे साडेचार कोटी डॉलरही वसूल झाले नव्हते. तो आम्ही अजूनही लावतो, पण हसायला. एकदा हात पोळलेला चाहता दुसऱ्यांदा पहिल्या दिवशी रांगेत उभा राहत नाही, घरी बसून "बघू, ओटीटीवर येईलच" म्हणतो.

आमचा बहिष्कारवाला भिडूही असाच. दोन-तीन महिन्यांनी त्याने तो घरी बघितला आणि शनिवारी नियमभंगांची यादी घेऊन आला. आउलबेअर, बार्ड, रूप बदलणं, सगळं क्रमवार. यादी वाचताना जार्नाथनपाशी आला आणि त्याला हसू आवरेना, पुढचं वाचताच येईना. जार्नाथन कोण ते सांगत नाही, पहिल्या पंधरा मिनिटांत कळेल.

तर तुम्ही खेळ खेळला नसला तरी बिनधास्त बघा. आधी काही वाचायची गरज नाही. घरात दहा-बारा वर्षांची मुलं असतील तर त्यांच्याबरोबर बघा, लठ्ठ ड्रॅगन पोटावर घसरत येतो तिथे त्यांची धमाल होईल. जमलं तर इंग्रजीतच, कारण ह्यू ग्रँटची मजा त्याच्या बोलण्याच्या लकबीत आहे. आणि शेवटी नावं सुरू झाली की लगेच उठू नका. कब्रस्तानातला एक मुडदा पाचव्या प्रश्नाची वाट बघत अजून तसाच पडलेला असतो. आमच्या पुढच्या रांगेतले ते गृहस्थ तोवर पार्किंगमध्ये पोचले होते.