आधी परतीचं उड्डाण मांड

प्रिय मित्रा,

कॅलिफोर्नियातल्या बिशपला बोल्डरिंग (दोराशिवाय मोठ्या शिळांवर चढणं) आणि युटातल्या मोआबला माउंटन बाइकिंग, दोन्हीकडे फ्लाइंग क्लबचं सेस्ना १७२, म्हणजे चार आसनांचं छोटं विमान, घेऊन जायचा बेत तू कळवलास. बेत मला आवडला. फक्त तू तो जाण्याच्या बाजूने मांडला आहेस, मी तुला तो परतीच्या बाजूने मांडायला सांगेन. पालो आल्टोची धावपट्टी समुद्रसपाटीला आहे, गार सकाळी तिथून हे विमान सहज उठतं. तेच विमान, तेवढंच सामान घेऊन, साडेचार हजार फुटांवरच्या तापलेल्या पट्टीवरून उठेल का, हे कागदावर आधी पाहा. किती सामान न्यायचं, किती वाजता निघायचं, हे सगळं त्या उत्तरावर ठरतं.

मोआबचा कॅनियनलँड्स विमानतळ ४,५५७ फुटांवर आहे. त्या उंचीला तक्ते जे प्रमाण तापमान गृहीत धरतात ते साधारण ६ अंश सेल्सिअस. उन्हाळ्यात दुपारी पारा ३५ वर असेल तर फरक २९ अंशांचा झाला, तापलेली हवा उंचावरच्यासारखी विरळ होते, आणि दर अंशाला १२० फूट धरले की ३,४८० फूट वाढले. म्हणजे विमानाच्या लेखी ती पट्टी आठ हजार फुटांवर आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे जवळपास ३ टक्के ताकद गमावतं; १८० हॉर्सपॉवरमधला चौथा हिस्सा तिथेच गेला. प्रोपेलर आणि पंखांनाही तीच विरळ हवा. त्याच पट्टीवर पहाटे १५ अंश असताना हा आकडा ५,६०० फुटांच्या आसपास असतो. नऊच्या आत निघ, हे मी सवयीने सांगत नाही, या दोन आकड्यांमुळे सांगतो.

आता वजन. सगळं पौंडांतच लिही, कारण मॅन्युअल पौंडांत आहे. १७२-एस या मॉडेलचं कमाल वजन २,५५० पौंड. रिकामं विमान १,६९० धरू. तुझ्या विमानाचा खरा आकडा त्याच्या कागदांत असेल, तोच घे. उरले ८६०. टाक्या भरल्या की ५३ गॅलन, दर गॅलन ६ पौंड, म्हणजे ३१८. तुम्ही दोघं कपड्या-बुटांसकट ३४०. दोन सायकली ६४. राहिले १३८ पौंड. तंबू, स्लीपिंग बॅगा, साठ मीटरचा दोर (हा एकटाच आठ-साडेआठ पौंड), कॅम आणि कॅराबिनर ही चढाईची धातूची साधनं यांत ते सहज संपतात. कागदावर हे बसतं, पण आठ हजारांच्या हवेत मी कमाल वजनाच्या ९० टक्क्यांवर, म्हणजे २,२९५ वर थांबेन. तिथे शंभर पौंड सामानासह इंधनाला उरतात जेमतेम १७ गॅलन. एवढ्यात राखीव धरून तासाभराच्या आसपासच पुढे जाता येतं. म्हणून एक तर पहाटे नीघ, नाहीतर सायकली घरी ठेव. मोआबमध्ये भाड्याने उत्तम सायकली मिळतात. पहिल्या फेरीला मी तेच करायला सांगेन. पाणीही घरून भरून नेऊ नको, गॅलनला ८.३ पौंड असतं. वाळवंटावरून उडताना जवळ ठेवायचं तेवढं मात्र आणीबाणीसाठी हवंच.

टेकऑफला सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे सवयीने मिक्स्चर (इंधन-हवेचं मिश्रण) पूर्ण रिच, म्हणजे जास्त इंधनाचं, ठेवणं. तीन हजार फुटांच्या वर, ब्रेक दाबून पूर्ण थ्रॉटल दे आणि आरपीएम सर्वाधिक येईपर्यंत मिक्स्चर लीन कर (इंधन कमी कर), मगच ब्रेक सोड. निम्म्या पट्टीपर्यंत उचलण्याच्या वेगाच्या ७० टक्के वेग आला नाही तर थांबायचं, हा नियम तुला माहीत असेल. पण लांब पट्टीवर तो फार ढिला पडतो. त्यापेक्षा तक्त्यातून टेकऑफचं अंतर काढ, त्यात निम्मं मिळव, आणि तेवढ्यावरचा टॅक्सीवे खूण म्हणून ठरव. तिथवर चाकं उचलली नाहीत तर थ्रॉटल बंद. ॲरिझोनातल्या सेडोनाला कधी गेलास तर तिथली पट्टी पठाराच्या माथ्यावर आणि उताराची आहे. वारा परवानगी देत असेल तर पट्टीच्या ०३ दिशेने चढावर उतरायचं आणि उलट्या २१ दिशेने उतारावर निघायचं.

बिशपकडे जाताना मध्ये सिएरा नेवाडाची डोंगररांग आडवी येते. टायोगा पास ९,९४३ फूट, आजूबाजूची शिखरं तेरा हजारांवर, आणि १७२-एसची कमाल उंची १४,००० फूट. वारा बहुतेक पश्चिमेचा असतो. जाताना तू वाऱ्यासोबत असतोस. कड्यापलीकडची खाली दाबणारी हवा कडा ओलांडल्यावर भेटते, तेव्हा तुला उतरायचंच असतं. परतताना तीच हवा कड्याच्या अलीकडे, ऐन चढताना भेटते, समोरचा वारा जमिनीवरचा वेग खातो, आणि विमान मिनिटाला दोनशे-तीनशे फूटच चढत असतं. त्यामुळे बिशपच्या ओवेन्स व्हॅलीत घिरट्या घालून हवी ती उंची आधी गाठ, मग कड्याकडे वळ. कड्याला ४५ अंशांत जा, म्हणजे मागे फिरायला अर्धंच वळण लागेल. किमान दोन हजार फूट वर राहा. माथ्यावर वारा २५ नॉट्सपेक्षा जास्त असेल तर त्या दिवशी ओलांडायचं नाही. ही दरी साधी नाही: १९५१-५२ मध्ये सिएरा वेव्हचा (डोंगरापलीकडे उठणाऱ्या हवेच्या लाटांचा) अभ्यास बिशपहूनच ग्लायडरने झाला. शिखरांवर भिंगासारखे स्थिर ढग दिसले की त्यांच्याखाली रोटर (हवेचे जोरदार भोवरे) आहेत असं समज. दक्षिणेला वॉकर पास ५,२५० फुटांवर आहे; लांबचा असला तरी पहिल्यांदा तो बरा, पण त्या बाजूची लष्करी हद्द नकाशात नीट पाहा. साडेबारा हजारांच्या वर तीस मिनिटांहून जास्त राहिलास तर वैमानिकाला ऑक्सिजन कायद्यानेच लागतो. मी म्हणेन दहा हजारांपासूनच वापर. आणि डोंगरातला प्रशिक्षक शेजारी घेऊन एकदा हाच मार्ग उड, मग मित्राला बसव.

सायकल न्यायचीच झाली तर मागची सीट काढावी लागते. ते क्लबच्या परवानगीने मेकॅनिककडून करून घे, आणि सीटविना वजन व गुरुत्वमध्याचा नवा कागद विमानात असू दे. सायकलची दोन्ही चाकं, पेडल काढ, हँडल फिरव, सीट खाली कर. डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये प्लास्टिकचा तुकडा घालायला विसरू नको. चाक नसताना लिव्हर दाबला गेला की पॅड चिकटतात आणि ट्रेलच्या तोंडाशी ते उघडत बसावं लागतं. उंचीवर टायर फुटेल ही भीती सोड, बारा हजारांवर आतला दाब पाचेक पीएसआयने वाढल्यासारखा होतो, इतकंच. सगळं सामान फ्लोअरच्या कड्यांना पट्ट्याने बांध. रबरी बंजी चालणार नाही: ताणते, आणि अचानक थांबलं की सायकल तुझ्या मानेवर येते. मागच्या सामानकप्प्याची मर्यादा १२० पौंड आहे. बोल्डरिंगची क्रॅश पॅड (पडल्यास झेलणाऱ्या जाड गाद्या) हलकी असली तरी जागा खातात, त्यांना मागची काच आणि दारं अडवू देऊ नको. सुटी बाटली किंवा कॅराबिनर पुढे ठेवायचा नाही, घरंगळून रडर पेडलखाली जातो. ई-बाइकची बॅटरी, बेअर स्प्रे आणि स्टोव्हचं इंधन केबिनमध्ये घेऊच नको; स्प्रे गळला तर तुझे डोळे मिटतील आणि विमान तसंच उडत राहील.

उतरल्यावर विमान तीन ठिकाणी बांध, स्वतःचे दोर ने, कंट्रोल लॉक आणि पिटो कव्हर (वेग मोजणाऱ्या नळीचं झाकण) लाव. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी वादळं येतात आणि तू तेव्हा ट्रेलवर असतोस. कॅनियनलँड्स विमानतळ मोआबपासून अठराएक मैलांवर आहे, गाडी आधीच ठरवून ठेव. विमानतळाची उसनी गाडी मिळाली तरी ती तासा-दोन तासांसाठी असते, रात्रभर ट्रेलहेडवर ठेवायला नाही. दिवसभर चढून बोटं सोलवटली, पाणी कमी पडलं, त्या संध्याकाळी उडायचं नाही. हाताशी एक सुटा दिवस ठेव आणि सोमवारच्या मीटिंगचं ऑफिसात आधीच सांगून ठेव. पर्सनल लोकेटर बीकन (संकटात तुझी जागा कळवणारं यंत्र) सामानात नको, अंगावर असू दे. विमानतळावरचा इंधन पंप चालू आहे का, हे आदल्या दिवशी फोन करून विचार.

तुझा
काका